फुल-साइझ पिकअप, पहिली ऑफ-रोड फेरी: प्रकल्प नोंदी

गाडी: चार दारांची फुल-साइझ पिकअप, हौदा साडेपाच फुटी. व्हीलबेस ३६८३ मिमी, लांबी सुमारे ५.९ मीटर, आरसे सोडून रुंदी २.०३ मीटर, रिकामं वजन २२०० किलोच्या आसपास. पुढे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र) असलेलं स्वतंत्र सस्पेन्शन, मागे कमानपाट्यांवर बसलेला सलग एक्सल. पार्ट-टाइम फोर-व्हील-ड्राइव्ह (हवी तेव्हाच चारही चाकांना जोर: नेहमीच्या गिअरिंगवर ‘फोर-हाय’, हळू आणि जास्त जोराच्या लो रेंजवर ‘फोर-लो’), लो रेंज २.६४, एक्सलचा रेशो ३.५५, मागच्या डिफरन्शियलला (दोन चाकांत जोर वाटणारे गिअर) इलेक्ट्रॉनिक लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप.

१२ ऑक्टोबर – आधी टेप, मग बाकीचं

बदल मोजकेच आहेत. पुढच्या स्ट्रटच्या डोक्यावर स्पेसर (जाड चकती) घालून नाक ५० मिमी उचललं, आणि २७५/६५ आर१८ टायर काढून ३१५/७० आर१७ बसवले. मागचे पाटे मूळचेच, ब्लॉक घातलेला नाही.

स्पेसरची जाडी आणि मिळणारी उंची एक नसते. स्ट्रटचं खालचं टोक लोअर आर्मच्या (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या) साधारण मध्यावर बसतं, त्यामुळे २५ मिमी जाडीच्या स्पेसरने चाकापाशी जवळपास दुप्पट फरक पडतो. ५० मिमी उचलायचं म्हणून ५० मिमी जाडीचा स्पेसर घेतला तर ड्राइव्ह शाफ्टचे कोन आवाक्याबाहेर जातात.

टायरचा व्यास ८१५ मिमीवरून ८७३ मिमी झाला. एक्सल वर जातो तो फरकाच्या निम्म्याने, म्हणजे २९ मिमी. गाडी उंच दिसते ती चासीमुळे. मागच्या डिफरन्शियलचा गोळा, जो पहिल्यांदा दगडाला लागतो, तो फक्त या २९ मिमीने वर गेलाय. हवा कमी केली की त्यातलेही १५ ते २० मिमी परत जातात. तरीही हवा कमी करायचीच, कारण पकड उंचीपेक्षा जास्त कामाची आहे. मात्र लिफ्ट केलीय म्हणून दगड दोन चाकांच्या मधून जाऊ द्यायचा, हा हिशेब या गाडीत चालत नाही. दगडावर टायर चढवायचा.

चासीच्या मधोमध, ट्रान्स्फर केसखालच्या (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटणाऱ्या गिअरपेटीखालच्या) गार्डपाशी, उंची २६० मिमी होती. आता ३१४ मिमी भरते: २९ टायरचे, २५ पुढच्या लिफ्टचे निम्मे. उंचवट्यावरून पोट न टेकता जाण्याचा कोन त्यामुळे १६ अंशांवरून १९ अंश झाला. हा कोन काढायला मधली उंची दुप्पट करून व्हीलबेसने भागायची, येणाऱ्या आकड्याचा आर्कटॅन घ्यायचा आणि तो दुप्पट करायचा. २.४६ मीटर व्हीलबेसच्या छोट्या जीपला तेवढ्याच ३१४ मिमी उंचीवर जवळपास २९ अंश मिळतात. हा फरक कुठल्याही किटने भरून निघत नाही. वाट निवडताना हाच आकडा समोर ठेवायचा.

गिअरिंगवरही परिणाम आहे. पहिला गिअर ४.६९६, त्याला २.६४ आणि ३.५५ ने गुणलं की ४४:१. मोठ्या टायरमुळे ते प्रत्यक्षात ४१:१ इतकंच उरतं. दगडातून रांगायला पुरेसं आहे. स्पीडोमीटर मात्र ७ टक्के कमी दाखवतो: काट्यावर १००, तर खरा वेग १०७. टायरचा नवा घेर कंट्रोल युनिटमध्ये भरून घेतला. गिअर बदलण्याच्या वेळाही याच आकड्यावर ठरतात, त्यामुळे हे काम मागे टाकण्यासारखं नाही.

१७ ऑक्टोबर – टायर कुठे घासतो

नव्या रिमचा ऑफसेट +४४ ऐवजी +१८ आहे, म्हणजे रिमचा मध्य २६ मिमी बाहेर आला. टायर ४० मिमीने रुंद, त्याचे निम्मे २०. बाहेरची कड एकूण ४६ मिमी बाहेर, आणि आतल्या बाजूला उलट ६ मिमी जास्त मोकळीक. म्हणून या जोडीत आर्मला घासण्याचा प्रश्न येत नाही. टायर वळताना मोठा घेर घेतो आणि मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला लागतो.

सपाट जागी स्टिअरिंग फिरवून काही कळत नाही. पुढचं एक चाक ४० सेंमी उंच रॅम्पवर चढवलं, तिरकस समोरचं मागचं चाक ठोकळ्यावर, आणि इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवलं. एकाने टॉर्च घेऊन बाजूला बसायचं, गाडीखाली हात घालायचा नाही. मग दुसऱ्या बाजूला हेच.

घासण्याच्या जागा अपेक्षेप्रमाणे निघाल्या: आतल्या प्लॅस्टिकची मागची खालची कड, आणि बंपरच्या खालच्या पट्टीचं टोक. प्लॅस्टिक हीट गनने मऊ करून मागे दाबलं आणि नव्या स्क्रूने धरलं. बंपरच्या पट्टीचं टोक २० मिमी कापलं. कॅब माउंटपाशी अंगठा जाईल इतकी जागा आहे, तिथे पत्र्याला हात लावला नाही. मोकळीक १० मिमी दिसली म्हणून थांबायचं नाही. चिखल भरला की ती शून्य होते, २० तरी हवीच. चाचणी रिव्हर्समध्ये ब्रेक दाबूनही करायची. तेव्हा रबरी बुश दबतात, चाक थोडं सरकतं आणि पुढे जाताना न लागणारी कड लागते.

त्यानंतर चासीखाली जॅक लावून पुढची चाकं लोंबती सोडली. स्पेसरची खरी परीक्षा इथेच होते. स्ट्रटचा प्रवास तेवढाच राहतो, पण सगळा खाली सरकतो, म्हणून पूर्ण लोंबलेल्या अवस्थेत अप्पर आर्म स्प्रिंगच्या जवळ येतो आणि ड्राइव्ह शाफ्टचा कोन सर्वांत तीव्र होतो. आर्म आणि स्प्रिंगमध्ये ८ मिमी अंतर आहे, चालेल. ब्रेकचा होज ताणलेला नाही. एबीएस सेन्सरची वायर ताणली जात होती, तिची एक क्लिप सोडवून वळण मोकळं केलं.

२० ऑक्टोबर – अलाइनमेंट, नट, खुणा

नाक उचललं की चाकांचे कोन बिघडतात: कॅस्टर कमी होतो, कॅम्बर आणि टो बदलतो. अलाइनमेंट करून घेतली. त्यानंतरचं काम महत्त्वाचं: लोअर आर्मचे कॅम बोल्ट (अलाइनमेंट यांच्यावर ठरते), टाय रॉडचे लॉक नट, स्ट्रटचे वरचे नट आणि मागच्या पाट्यांचे यू-बोल्ट, या सगळ्यांवर पेंट पेनने नट आणि बाजूचा धातू मिळून एक सरळ रेघ ओढली. पुढे रेघ तुटलेली दिसली की काय हललं हे पाना न लावता कळतं.

चाकांचे नट एम१४×१.५. या गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे टॉर्क २०४ न्यूटन-मीटर. समोरासमोरच्या क्रमाने, आधी निम्म्या टॉर्कवर, मग पूर्ण. इम्पॅक्ट गनने शेवटचं कसायचं नाही. ८० ते १०० किमी चालवून परत तपासायचे, कारण नव्या रिमचा रंग नटाखाली दबतो आणि टॉर्क उतरतो.

हेडलाइटचा झोतही नाकाबरोबर वर गेला होता, तो खाली आणला.

२५ ऑक्टोबर – ओढून काढायचं सामान

सामान भरल्यावर आणि माणसं बसल्यावर गाडी २६०० किलोच्या घरात जाते. सामान याच आकड्यावर निवडायचं.

कायनेटिक दोर (ओढताना रबरासारखा ताणणारा) २२ मिमी जाडीचा, ९ मीटर, तुटण्याची ताकद सुमारे १३ टन. जास्त जाड दोर जास्त सुरक्षित, असं वाटतं पण तसं नाही. २२ मिमीच्या पुढचा दोर या वजनाला नीट ताणतच नाही, आणि ताण नाही तर तो साधा टो दोर झाला. धक्का थेट हुकवर जातो. सोबत सॉफ्ट शॅकल (दोराची जोडकडी), आणि ४.७५ टन क्षमतेचे पाऊण इंची लोखंडी शॅकल.

पुढचे दोन हुक चासीला बोल्ट केलेले आहेत, त्यांचे बोल्ट तपासले. मागे ट्रेलरच्या रिसीव्हरमध्ये बसणारा शॅकल-माउंट. ट्रेलरच्या बॉलला दोर कधीच अडकवायचा नाही. बॉल ओढण्यासाठी असतो, झटक्यासाठी नाही. त्याची मान तुटली की तो ताणलेल्या दोराच्या सगळ्या जोराने सुटतो आणि मागच्या गाडीच्या काचेतून आत येतो.

बाकी: ट्रॅक्शन बोर्डांची (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या दातेरी फळ्यांची) जोडी, लांब दांड्याचं फावडं, एबीसी अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, वॉकी-टॉकी. गाडीसोबतचा जॅक आता उंचीला कमी पडतो आणि मऊ जमिनीत खाली जातो, म्हणून १८ मिमी प्लायवूडचे ३०×३० सेंमीचे दोन तुकडे एकमेकांवर स्क्रूने जोडून बैठक केली आणि बॉटल जॅक घेतला.

स्टेपनीचा मुद्दा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. हौद्याखालच्या जागेत मूळ मापाचं चाक आहे, ५८ मिमीने लहान. ते मागे लावून लॉकर किंवा फोर-हाय चालवलं तर दोन चाकांच्या फिरण्यातला फरक गिअर आणि शाफ्ट सोसतात. नव्या मापाची स्टेपनी खाली मावत नाही, म्हणून ती हौद्यात, कॅबला टेकवून, रॅचेट पट्ट्यांनी चार ठिकाणी बांधली.

सोबतच्या गाडीबद्दल: एकट्याने जायचं नाही हे सगळे सांगतात, पण सोबतची गाडी निम्म्या वजनाची असेल तर रुतलेली पिकअप तिच्याने हलत नाही. तुल्यबळ वजनाची गाडी किंवा विंच असलेली गाडी हवी.

१ नोव्हेंबर – आदल्या आठवड्यातली तयारी

नाकाखालचा हवा अडवणारा रबरी पट्टा काढला. बिनमहत्त्वाचा दिसतो, पण पहिल्या चढावर जमिनीला लागून तोच फाटतो. ट्रेलरचा हिच बार काढून हौद्यात ठेवला, नाहीतर प्रत्येक घळीतून बाहेर पडताना तो नांगरासारखा रुततो. बाजूच्या पायऱ्या आहेत तशाच ठेवल्या. दगडांची वाट असती तर काढल्या असत्या.

हौदा रिकामा असला की मागचा एक्सल फार हलका पडतो. स्टेपनी, पाण्याचे कॅन आणि हत्यारांची पेटी मिळून १५० किलो होतं, ते सगळं एक्सलच्या पुढे आणि तळाशी बांधलं. शेपटीकडे ठेवलं तर नाक हलकं होतं आणि चढावर स्टिअरिंग पकड सोडतं.

कॉम्प्रेसर १२ व्होल्टचा, बॅटरीला थेट क्लिप लावायचा. लायटरच्या सॉकेटवर चालणारे छोटे कॉम्प्रेसर या मापाच्या टायरपुढे तापून बंद पडतात.

वाट निवडली ती कोरडी, ज्ञात, सोपी म्हणून ओळखली जाणारी, आणि वळायला जागा असलेली. या गाडीला वळायला १४.६ मीटर व्यासाचं वर्तुळ लागतं. तेवढी मोकळी जागा कुठे कुठे आहे ते आधी चालत जाऊन पाहिलं. पाऊस झाला तर फेरी पुढे ढकलायची, असं ठरवलं.

८ नोव्हेंबर – वाट

हवा. रस्त्यावर ३८ पीएसआय, वाटेच्या तोंडाशी पुढे २० आणि मागे १८. मागे कमी, कारण वजन कमी. टायर किती पसरला हे फुगवट्यावरून न ठरवता, पुढून आणि मागून टायरखाली पुठ्ठा सरकवला आणि दोन पुठ्ठ्यांमधलं अंतर मोजलं. जमिनीला टेकणारा भाग लांबीला बराच वाढतो, रुंदीला थोडाच. दहा-प्लाय रेटिंगच्या टायरच्या भिंती कडक असतात, त्यांना २५ पीएसआयवर फारसा फरक पडत नाही. बीडलॉक (टायरची कड रिमला आवळून धरणारं कडं) नसलेल्या रिमवर १५ च्या खाली जाण्याचं कारण फक्त वाळू. या हवेवर वेग ४० च्या आत. टायर प्रेशरचा दिवा लागतो, लागू द्यायचा.

फोर-व्हील. फोर-हाय मातीवर आल्यावरच. डांबरावर फोर-हायमध्ये वळलं की पुढच्या-मागच्या एक्सलमधला फरक शाफ्टमध्ये पीळ होऊन साठतो, आणि मग लीव्हर किंवा नॉब टू-व्हीलला येत नाही. तसं झालं तर सरळ रेषेत थोडं रिव्हर्स घ्यायचं, पीळ सुटतो. फोर-लो साठी गाडी उभी, ब्रेकवर पाय, गिअर न्यूट्रलमध्ये, दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वाट. घाई केली की गिअरचे दात एकमेकांवर करकरतात.

पहिलं वळण. अरुंद, आतल्या बाजूला दगड. नाक सहज निघालं आणि मागचं चाक दगडाकडे जाऊ लागलं, जसं अपेक्षित होतं. पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगवर पुढच्या चाकाची त्रिज्या ७.३ मीटर धरली, तर ३.६८ मीटर व्हीलबेसला मागचं चाक त्याहून १ मीटर आत चालतं. म्हणजे नाक बाहेरच्या कडेपर्यंत नेऊन उशिरा वळायचं. आरशात पाहत राहायचं ते मागच्या चाकाकडे. एका दमात होत नसेल तर दोन वेळा मागेपुढे करणं केव्हाही चांगलं, हौद्याचा पत्रा दगडाला लावून वळण पुरं करण्यात काही शौर्य नाही.

वाट दाखवणारा एकच असावा. दोन जण दोन दिशा दाखवतात तेव्हा ड्रायव्हर जोरात ओरडणाऱ्याचं ऐकतो. समोर उभ्या माणसाचं डावं-उजवं उलटं पडतं, म्हणून आमच्यात शब्द ठरलेत: ‘ड्रायव्हर’ म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला, ‘पॅसेंजर’ म्हणजे दुसऱ्या बाजूला. वळलेली मूठ म्हणजे थांब. दाखवणारा दिसेनासा झाला तरीही थांब.

उंचवटा. १९ अंशांचा आकडा इथे कामी आला. सरळ चढलो असतो तर पोट टेकलं असतं. ३० अंश तिरकं जाऊन एका वेळी एकच चाक वर नेलं. तिरकं गेलं की समोरासमोरच्या कोनातली दोन चाकं हलकी होतात, एक हवेत जातं आणि मोकळं फिरू लागतं. तिथे ॲक्सिलरेटर सोडायचा नाही, वाढवायचाही नाही. स्थिर ठेवला की ट्रॅक्शन कंट्रोल फिरत्या चाकाला ब्रेक लावतं आणि जोर दुसरीकडे जातो. दोन-तीन सेकंद काहीच होत नाहीसं वाटतं, मग गाडी सरकते. लॉकर घातला असता तर हे आणखी शांतपणे झालं असतं. तिरकस घळीत शिरण्याआधीच लॉकर घालून ठेवलेला बरा. चाक फिरायला लागल्यावर घातला तर झटका एक्सल शाफ्टला बसतो. पुढे वळण असेल तर त्याआधी काढायचा. लॉक केलेला मागचा एक्सल गाडीला सरळच ढकलतो.

सैल मुरुमाचा चढ. मध्यावर मागचं टोक उड्या मारू लागलं. याचं कारण पाटे. मोठ्या, पकड असलेल्या टायरला जोर मिळाला की एक्सल पाट्यांना पिळतो, पाटे परत उसळतात, आणि हे सेकंदाला अनेक वेळा होतं. जोर वाढवून ‘निघून जाण्याचा’ मोह इथे होतो, आणि युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टचे सांधे) तुटतात ते याच क्षणी. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला, ब्रेक धरून गाडी सरळ खाली परत घेतली, मागची हवा १६ केली, फोर-लो मध्ये दुसरा गिअर धरला आणि तोच चढ न उसळता निघाला. पहिल्यात टायरला नको तितका टॉर्क मिळत होता. खाली परत येताना चढावर आडवं वळायचं नाही, रिव्हर्समध्ये सरळच.

चाकोरी. खोल चाकोरीत स्टिअरिंग कुठे वळलंय ते हाताला कळत नाही. चाकं वळलेलीच चाकोरीला घासत जातात, कड संपली की गाडी एकदम बाजूला झेपावते. खिडकीतून पुढचा टायर पाहायचा. अंगठे स्टिअरिंगच्या दांड्यांच्या आत नकोत. टायर दगडाला आदळला की स्टिअरिंग हातातून फिरतं.

उतार. फोर-लो, पहिला गिअर, पाय ब्रेकपासून दूर. मागचं टोक बाजूला सरकायला लागलं तर ब्रेक दाबायचा नाही. स्टिअरिंग उताराच्या दिशेने आणि ॲक्सिलरेटर किंचित, म्हणजे नाक पुन्हा पुढे येतं.

वाळूचा पट्टा लहान होता. चारही टायर १५ वर आणले, ट्रॅक्शन कंट्रोल बंद. वाळूत ते इंजिनचा जोर कापतं आणि गाडी तिथेच बसते. थांबताना ब्रेक न लावता गाडी आपोआप थांबू द्यायची, नाहीतर टायरसमोर वाळूचा बांध तयार होतो. गिअरबॉक्सचं तापमान ९५ वरून ११२ अंश सेल्सिअसपर्यंत चढलं. १२० ला थांबून न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायचं, असं ठरलं होतं. इथेच मुद्दाम ओढण्याचा सराव केला: दोरात एक मीटर ढील, ओढणारी गाडी चालण्याच्या वेगाने सुटते, झटका नाही. बघे दोराच्या लांबीच्या दीडपट दूर. ट्रॅक्शन बोर्ड लावताना चाकासमोरची वाळू आधी फावड्याने उतरती करायची. बोर्ड नुसता टायरपुढे टाकला तर टायर त्याचे दात वितळवून टाकतो.

परतल्यावर डांबराआधी चारही टायर ३८ वर.

९ नोव्हेंबर – धुणं आणि तपासणी

हमरस्त्यावर ८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरत होतं. बॅलन्सिंगकडे जाण्याआधी रिमच्या आतली बाजू पाहायची. तिथे वाळलेला चिखल एका बाजूला चिकटलेला होता, धुतल्यावर थरथर गेली. मागच्या एका चाकातून येणारी किरकिर ब्रेक डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात अडकलेल्या खड्याची होती.

रेडिएटर इंजिनच्या बाजूने बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुतला. जोराच्या फवाऱ्याने जाळीचे पंख वाकतात.

खुणांच्या रेघा तपासल्या. पुढचा एक कॅम बोल्ट अर्धा मिमी सरकलेला दिसला, तेवढ्यानेच सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित तिरकं राहत होतं. टॉर्क देऊन पुन्हा अलाइनमेंट. यू-बोल्टच्या रेघा जागेवर. ड्राइव्ह शाफ्टच्या रबरी बुटांवर ग्रीसचा शिंतोडा नाही. ट्रान्स्फर केसच्या गार्डवर एक नवा ओरखडा, डिफरन्शियलच्या गोळ्यावर दोन. एअर फिल्टरवर धूळ होती, झटकून बसवला. मागच्या डिफरन्शियलचं तेल प्लग काढून पाहिलं, दुधाळ नाही. पाण्यातून गेलो नव्हतो, तरी सवय असावी. एक्सल गरम असताना पाण्यात उतरलं की आतली हवा आक्रसते, आणि ब्रीदर (एक्सलमधली हवा आत-बाहेर होण्याची वाट) बंद असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं.

आतल्या प्लॅस्टिकवर टायर घासल्याची नवी खूण डाव्या बाजूला आहे, तिथला एक स्क्रू सुटलाय.

१५ नोव्हेंबर – पुढची कामं

डाव्या प्लॅस्टिकला स्क्रूऐवजी वॉशरसह रिव्हेट. डिफरन्शियलच्या कव्हरला गार्ड. मागच्या ब्रीदरची नळी हौद्याच्या उंचीपर्यंत वर आणायची. स्पेसरच्या जागी योग्य लांबीचे कॉइलओव्हर (स्प्रिंगसह नवे स्ट्रट) आणि त्यासोबत नवे अप्पर आर्म, म्हणजे लोंबत्या अवस्थेतली ती ८ मिमीची अडचण संपेल. आणखी लिफ्ट नाही. उंचवट्याचा कोन त्याने एखाद-दोन अंश वाढेल, पण गुरुत्वमध्य वर जाऊन आडव्या उतारावर जी स्थिरता जाईल ती परवडणारी नाही.